बायझंटिन कला व तिचे सांस्कृतिक प्रभाव

बायझंटिन कला : पूर्व रोमन साम्राज्यात, मुख्यतः कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) या राजधानीच्या आश्रयाने, इ. स. चौथ्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत विकसित झालेली ख्रिस्ती कला. सम्राट पहिला कॉन्स्टंटीन याने बॉस्पोरसच्या काठावरील बिझँटियम या जुन्या ग्रीक वसाहतीच्या जागी नवी राजधानी वसविली आणि ११ मे ३३० रोजी तिचे विधिपूर्वक उद्‌घाटन केले. २९ मे १४५३ रोजी हे नगर ऑटोमन तुर्कांच्या हाती पडले. मधल्या अकराशे वर्षांत तेथील प्रजा स्वतःला रोमनच म्हणवीत असे. ‘बायझंटिन’ ही संज्ञा सोळाव्या शतकातील जर्मन विद्वान हिएरोनिमस व्होल्फ याच्यापासून पुढे रूढ होत गेली.

या कलेविषयी यूरोपीय अभ्यासकांत दीर्घकाळ अनुदार मत प्रचलित होते. इटालियन चित्रकार व चरित्रकार व्हाझारी (१५११–७४) याने ‘ग्रीक रीती’ म्हणून तिची गणना कठोर व निर्जीव शैलीत केली. अभिजात ग्रीक-रोमन कलेतील शरीरसौष्ठव व अवकाशाचा आभास बायझंटिन चित्रांत नाही, यावरून तिला ऱ्हासकाळाची कला ठरविण्यात आले. हे मत आता मागे पडले आहे. बायझंटिन कारागिराला नैसर्गिक रेखाटन येत नव्हते असे नाही. दहाव्या शतकातील पॅरिस येथील सचित्र स्तोत्रसंहिता पाहिली, तरी त्याचे अभिजात रीतीवरील प्रभुत्व लक्षात येते. त्याला साधावयाचे होते ते मात्र वेगळे होते : पाहणाऱ्याच्या समोर पवित्र व्यक्तीचे सान्निध्य निर्माण करणे. सोनेरी पार्श्वभूमी, समोरून रेखाटलेल्या आकृती, विशाल नेत्र व छायारहित प्रकाश ही सर्व या हेतूची साधने होत. भारतीय मूर्तिविधानाशी परिचित असलेल्या वाचकाला हा दृष्टिकोन समजणे यूरोपीय वाचकापेक्षा सोपे जावे.

जस्टिनियनचा कालखंड : सम्राट पहिला जस्टिनियन (कार. ५२७–६५) याच्या काळात या कलेला पहिला बहर आला. ५३२ मध्ये राजधानीत झालेल्या निका बंडाळीत जुने मुख्य चर्च जळाले. त्याच जागी ट्रॅलीझचा अँथीमिअस व मायलीटसचा इझिडोरस या गणितज्ञ वास्तुशिल्पज्ञांनी हागिया सोफिया ही वास्तू सहा वर्षांच्या आत उभी केली (५३२–३७). हिचा घुमट सु. ३१ मी. व्यासाचा असून जमिनीपासून सु. ५५ मी. उंच आहे. चौरस तळावर वर्तुळाकार घुमट बसविण्याचा प्रश्न येथे चार कोपऱ्यांतून वर उचललेल्या अंतर्वक्र त्रिकोणाकृती भागांनी सोडविला आहे. घुमटाच्या तळाशी चाळीस खिडक्या असल्यामुळे तो प्रकाशावर तरंगत असल्यासारखा भासतो. धाडसाची किंमतही मोजावी लागली : भूकंपांनी खिळखिळा झालेला मूळ घुमट ५५८ मध्ये कोसळला आणि धाकट्या इझिडोरसने तो अधिक उंच व कमी दाबाचा करून ५६२ पर्यंत पुन्हा बांधला. विजापूरचा गोलघुमट (सतरावे शतक) याहून मोठा असल्याने दोहोंची तुलना नेहमी केली जाते. तथापि गोलघुमटाचा भार एकमेकींना छेदणाऱ्या कमानींच्या जाळ्यावर तोललेला असून ती रचना या मार्गाने आलेली नाही.

इटलीतील रॅव्हेना येथील सान व्हीताले या चर्चमधील (५४७ मध्ये अभिषिक्त) कुट्टिमचित्रे हे या काळाचे दुसरे शिखर होय. काचेचे व सोन्याचा वर्ख दिलेले लहान तुकडे ओल्या गिलाव्यात किंचित तिरपे बसविल्यामुळे दिव्यांच्या उजेडात भिंत हलती वाटते. वेदीच्या दोन्ही बाजूंस जस्टिनियन व सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या परिवारासह अर्पणद्रव्ये घेऊन उभे आहेत. सम्राट रॅव्हेनाला कधी आला नव्हता. चित्रातून मात्र तो तेथील उपासनेत नित्य उपस्थित राहिला. प्रतिमेकडून असलेली अपेक्षा येथे स्पष्ट होते.

पश्चिम भारताशी संबंध : बायझंटिन जगाचा महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी आलेला संबंध याच कालखंडातील आहे. अलेक्झांड्रियाचा व्यापारी व पुढे संन्यस्त झालेला कॉझमस इंडिकोप्लूस्टीस याने सु. ५५० मध्ये ख्रिस्ती भूवर्णन  हा ग्रीक ग्रंथ लिहिला. त्यात भारताच्या मोठ्या बंदरांत ‘कल्लिआना’ची गणना असून तेथून तांबे अथवा पितळ, इमारती लाकूड व कापड यांची निर्यात होते, असे म्हटले आहे. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे उल्हास नदीवरील कल्याण मानतात. कल्याणचे व्यापारी याआधीच्या काळातही सधन होते. मुंबई उपनगरातील बोरिवलीनजीकच्या कान्हेरी लेण्यांत त्यांच्या दानांचे कोरीव लेख आहेत. कॉझमस स्वतः भारतात पोहोचला होता की नाही, याबद्दल दुमत आहे. परंतु त्याने दिलेला एक तपशील महत्त्वाचा आहे : कल्लिआना येथे ख्रिस्ती समाज असून त्याचा बिशप पर्शियातून नियुक्त होऊन येतो.

हा तपशील कलेतिहासाच्या दृष्टीने निर्णायक म्हणावा लागेल. कल्याणचे ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच्या नव्हे, तर पर्शियातील पूर्व सिरियन धर्मपीठाच्या अधिकारात होते. त्यांची उपासनाभाषा सिरियाक होती. अरबी समुद्रातील व्यापारही मुख्यतः पर्शियन व इथिओपियातील अक्सुमच्या मध्यस्थांच्या हाती होता. त्यामुळे नाणी व माल आला, पण त्यांच्याबरोबर प्रतिमा घडविणारे कारागीर आणि त्या प्रतिमांची उपासना करणारा संप्रदाय आला नाही. केरळात, चेन्नईजवळील सेंट थॉमस माउंट येथे आणि २००१ मध्ये गोव्यातील आगशी येथे सापडलेले क्रूस पहलवी लेखांचे आहेत, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. सातव्या शतकात ईजिप्त अरबांच्या ताब्यात गेल्यावर तांबड्या समुद्राचा मार्गही साम्राज्याला बंद झाला. घारापुरीची शैव लेणी हागिया सोफियाशी साधारणपणे समकालीन होत. दोन्ही ठिकाणी प्रकाशाच्या योजनेने देवतेचे सान्निध्य सूचित केले आहे. एवढ्यावरून एकाचा दुसऱ्यावर प्रभाव कल्पिणे मात्र निराधार ठरेल. प्रभाव सिद्ध करावयाचा तर मार्ग, मध्यस्थ व आश्रयदाता ही तिन्ही दाखविता आली पाहिजेत.

उलट दिशेने, म्हणजे भारताकडून बायझंटियमकडे गेलेल्या गोष्टी अधिक स्पष्टपणे दाखविता येतात. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील ‘बार्बेरीनी’ हस्तिदंती फलकावर (सहाव्या शतकाचा पूर्वार्ध) विजयी सम्राटाच्या पायाखालच्या पट्टीत हस्तिदंत, हत्ती व वाघ घेऊन येणारे भारतीय कोरले आहेत. लँप्सकस येथे सापडलेल्या व इस्तंबूलच्या पुरातत्त्वीय संग्रहालयात असलेल्या सहाव्या शतकातील रुपेरी तबकावर साक्षात भारतभूमीच स्त्रीरूपात हस्तिदंती पायांच्या आसनावर बसली आहे. तिच्या भोवती पोपट, माकडे व खाली वाघ आहेत. त्यांतच गिनी कोंबडीही आहे आणि तो पक्षी आफ्रिकेचा! ‘इंडिया’ या शब्दात इथिओपियाही मोडत असे, याचा हा चांदीवरचा पुरावा होय. कॉझमसच्या ग्रंथाच्या अकराव्या शतकातील प्रतींत मिऱ्याचा वेल व नारळ यांची चित्रे आहेत. नारळाला त्याने दिलेल्या ‘अर्गेल्लिआ’ या नावात संस्कृत ‘नारिकेल’ ओळखू येतो. चित्रातील झाड पाहून मात्र कोकणातील माणसाला ते ओळखता येईलच, असे नाही.

प्रतिमावाद : आठव्या शतकात बायझंटिन कलेच्या अस्तित्वावरच आघात झाला. सम्राट तिसरा लीओ (कार. ७१७–४१) याने पवित्र प्रतिमांच्या पूजेस विरोध केला व ७३० च्या सुमारास त्यास राजाज्ञेचे स्वरूप आले. अरबांकडून झालेले पराभव हा मूर्तिपूजेच्या पातकाचा दंड आहे, ही भावना त्यामागे होती. मठांच्या वाढत्या सामर्थ्याला आवर घालण्याचा हेतूही काही इतिहासकार सांगतात. चर्चमधील चित्रे पुसून त्या जागी साधा क्रूस काढण्यात आला. ७८७ मध्ये नायसीयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमांना मान्यता दिली, ८१५ मध्ये ती पुन्हा काढून घेण्यात आली आणि ८४३ मध्ये सम्राज्ञी थिओडोरा (जस्टिनियनच्या पत्नीहून भिन्न) हिच्या कारकीर्दीत वाद कायमचा मिटला. सायनाय पर्वतावरील सेंट कॅथरिनचा मठ या काळात अरबी सत्तेखाली असल्याने साम्राज्याच्या आज्ञेबाहेर राहिला. म्हणूनच मेणात रंग कालवून काढलेले सहाव्या शतकातील ख्रिस्ताचे विख्यात चित्र तेथे वाचले.

या वादातून प्रतिमेचे एक सुस्पष्ट तत्त्वज्ञान निर्माण झाले. दमास्कसचा जॉन हा त्याचा प्रमुख प्रवक्ता. ईश्वराने मानवी देह धारण केला, म्हणून त्याचे चित्र काढता येते. चित्राला दिलेला मान फळ्याला वा रंगाला नव्हे, तर मूळ व्यक्तीला पोहोचतो, असे त्याचे प्रतिपादन होते. आपल्याकडील सगुणोपासनेच्या चर्चेशी याचे साम्य जाणवते. एक परिणाम मात्र खास बायझंटिन होता. चित्र मूळ व्यक्तीशी नाते सांगत असल्याने तिची मान्य लक्षणे बदलण्याचे स्वातंत्र्य चित्रकाराला फारसे उरले नाही. त्याचे कौशल्य रंगसंगती, रेषा आणि भाव यांतच प्रकटले.

मध्यकाल : मॅसिडोनियन घराण्याच्या काळात (८६७–१०५६) कलेचे पुनरुज्जीवन झाले. चौरसात क्रूस बसविलेला व मध्यावर घुमट असलेला लहान चर्चचा आराखडा रूढ झाला आणि त्यातील चित्रांना ठरावीक स्थाने मिळाली : घुमटात विश्वनियंता ख्रिस्त, अर्धवर्तुळाकार गाभाऱ्यात माता मरिया, कमानींवर ख्रिस्तचरित्रातील उत्सवप्रसंग व खाली संतांच्या रांगा. ग्रीसमधील होसिओस लूकास व दाफ्नी (सु. ११००) येथील कुट्टिमचित्रे या योजनेचे नमुने होत. हस्तिदंती त्रिपट, मीनाकारी, रेशमी वस्त्रे व सचित्र हस्तलिखिते यांना परदेशांत मोठी मागणी होती. रेशीमकिड्यांची अंडी सु. ५५२ मध्ये साम्राज्यात आणणारे संन्यासी भारताकडून आले होते, असे समकालीन इतिहासकार प्रोकोपिअस सांगतो.

याच काळात भारताची आणखी एक देणगी बायझंटियमला पोहोचली, ती कथेच्या रूपाने. बुद्धचरित्र अरबी व जॉर्जियन भाषांतून फिरत सु. १००० मध्ये बार्लाम आणि योआसाफ  या ग्रीक ग्रंथात उतरले. ‘योआसाफ’ हे ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचेच रूपांतर होय. त्यातील विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाचा दृष्टांत महाभारता च्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो. काळे-पांढरे उंदीर आधार कुरतडत आहेत, खाली सर्प आहे आणि माणूस मधाच्या थेंबांत दंग आहे. मूळ कथेतील हत्तीच्या जागी ग्रीक कथेत एकशिंगी प्राणी आला. कॉन्स्टँटिनोपलच्या स्टूडिओस मठात १०६६ मध्ये तयार झालेल्या व सध्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या स्तोत्रसंहितेच्या समासात हा प्रसंग चित्रित आहे. बुद्ध अशा रीतीने ख्रिस्ती संतमालिकेत जाऊन बसला, तोही ओळख न पटता.

प्रसार : ९८८ मध्ये कीव्हच्या व्लादिमिरने बायझंटिन पंथ स्वीकारल्यावर रशियात ही कला राजाश्रयासह गेली. कीव्हचे सेंट सोफिया, कॉन्स्टँटिनोपलहून बाराव्या शतकात नेलेले ‘व्लादिमिरची देवमाता’ हे चित्र व पुढे आंद्रेई रूब्ल्योव्हची चित्रे ही तिची फळे होत. सर्बिया व बल्गेरियातही हाच क्रम दिसतो. व्हेनिसचे सान मार्को (आरंभ १०६३) व सिसिलीतील पालेर्मो, चेफालू आणि मोनरेआले येथील नॉर्मन राजांची चर्चे यांत बायझंटिन कुट्टिमचित्रण लॅटिन पंथाच्या सेवेस लागले. इस्लामी जगाने मनुष्याकृती वगळून तंत्र घेतले. जेरूसलेमचा शिलाघुमट (६९१–९२), दमास्कसची मोठी मशीद आणि दहाव्या शतकात बायझंटिन सम्राटाने धाडलेल्या काचतुकड्यांनी मढविलेली कॉर्दोव्हाच्या मशिदीतील मिहराब ही याची उदाहरणे होत. या प्रत्येक ठिकाणी मार्ग, मध्यस्थ व आश्रयदाता ठाऊक आहेत.

उत्तरकाल : १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील सैनिकांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले. सान मार्कोवर मिरविणारे ब्राँझचे चार घोडे याच लुटीतील. आता दर्शनी भागावर त्यांच्या प्रतिकृती असून मूळ घोडे आत ठेवले आहेत. १२६१ मध्ये राजधानी परत मिळाली, पण साम्राज्य दरिद्री झाले होते. तरीही खोरा मठात थिओडोर मेटोकायटीस या अमात्याने सु. १३१५–२१ मध्ये करविलेली कुट्टिमचित्रे व भित्तिलेपचित्रे बायझंटिन कलेतील सर्वांत हृद्य काम म्हणता येईल. तेथील पुनरुत्थानाच्या चित्रात ख्रिस्त आदाम व ईव्ह यांना मनगटांना धरून थडग्यांतून अक्षरशः ओढून काढतो. त्याची वस्त्रे त्या वेगाने फडफडतात. निर्जीवपणाच्या आक्षेपाला हे एक चित्र पुरेसे उत्तर आहे.

१४५३ नंतर हागिया सोफियाची मशीद झाली. वास्तुशिल्पज्ञ सिनान याने सुलेमानिये मशिदीत (१५५०–५७) तिच्याच मुख्य घुमट व अर्धघुमटांच्या योजनेची नव्याने मांडणी केली. १९३५ पासून संग्रहालय असलेली ही वास्तू २०२० मध्ये पुन्हा मशीद म्हणून वापरात आली. चित्रकलेची परंपरा व्हेनिसच्या ताब्यातील क्रीट बेटावर टिकून राहिली. तेथे जन्मलेला व पवित्र प्रतिमा रंगविण्याचे शिक्षण घेतलेला दोमेनिकोस थिओटोकोपूलोस (१५४१–१६१४) पुढे स्पेनमध्ये एल ग्रेको म्हणून प्रसिद्धीस आला. तोलेदो येथे स्थायिक झाल्यावरही तो आपल्या चित्रांवर ग्रीक लिपीतच स्वाक्षरी करीत असे.