साठ फुटांचा सौदा

आजचा विषय पाण्याखालचा आहे, आणि मांडणारा मात्र सगळी नोकरी जमिनीवर केलेला निवृत्त फौजी. पाणबुड्याने मिनिटाला किती फूट वर यावं, हा आकडा कसा ठरला ते वाचलं आणि मला ती गोष्ट फार ओळखीची वाटली.

आधी आजार समजून घेऊ. खोल पाण्यात श्वास घेताना हवेतला नायट्रोजन दाबामुळे रक्तात आणि चरबीत विरघळतो. हळू वर आलात तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाई केलीत तर सोड्याची बाटली उघडावी तसे अंगातच बुडबुडे होतात. 19व्या शतकात हा आजार गाजला तो पुलांच्या पायांमुळे. सेंट लुईस आणि ब्रुकलिनच्या पुलांसाठी मजूर नदीच्या तळाशी, दाबाची हवा भरलेल्या कैसनमध्ये खोदत. बाहेर आल्यावर कुणी सांधेदुखीने वाकायचा, कुणाचे पाय लुळे पडायचे, काही दगावले. ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोब्लिंग यातच 1872 मध्ये आजारी पडला. पुढचं काम त्याने घरात बसून चालवलं. त्याच्या सूचना साइटवर पोचवायची त्याची पत्नी एमिली.

1878 मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दोषी नायट्रोजनच आहे हे दाखवलं. त्यांचा सल्ला होता, दाब सावकाश आणि एकसारखा उतरवा. हा सल्ला बदलला स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या पोलादी टाकीत शेळ्या कोंडल्या. शेळीच का? सांधा दुखला की ती पुढचा पाय उचलून धरते, विचारायला नको! हॉल्डेनना दिसलं की दाब एकदम निम्मा केला तरी सहसा बिघडत नाही. म्हणून आधी निम्म्या दाबापर्यंत चटकन या, मग टप्प्याटप्प्याने थांबत वर या. 1906 मध्ये लेफ्टनंट डॅमंट आणि गनर कॅटो स्कॉटलंडच्या पाण्यात याच पद्धतीने 210 फुटांपर्यंत जाऊन सुखरूप आले. 1908 मध्ये तक्ते छापले गेले. पुढे बहुतेक नौदलांचे तक्ते याच पायावर उभे राहिले.

आता आकड्याकडे येतो. 1950च्या दशकात अमेरिकन नौदल नवे तक्ते करत होतं. जुना वेग होता मिनिटाला 25 फूट. स्कूबावाले फ्रॉगमन म्हणाले, आम्हाला 100 हवेत, पाठीवरच्या नळकांड्यातली हवा मोजकी असते. तांब्याच्या शिरस्त्राणाचे पाणबुडे म्हणाले, आमचा जड पोशाख दोरीने वर ओढून घ्यायचा, एवढा वेग कसा जमेल? शेवटी तडजोड झाली मिनिटाला 60 फुटांवर. सेकंदाला एक फूट, हिशेबालाही सोपं. मी फौजेत अशा बैठका पाहिल्या आहेत. दोन्ही बाजू निम्म्या नाराज होऊन उठतात आणि कागदावर आकडा येतो.

तो आकडा वाईट नव्हता. नौदलाचे पाणबुडे तरुण, तंदुरुस्त, आणि दाबकोठडी बहुधा जवळच. मला खटकतं ते पुढचं. हौशी पाणबुड्यांच्या वर्गांनी तोच आकडा उचलला. त्यांच्याकडे वय, वजन, तब्येत यांची चाळणी नव्हती, आणि कोठडी मैलोनमैल दूर. एका बैठकीतली देवाणघेवाण शरीराचा नियम म्हणून शिकवली गेली.

पुढे डॉप्लर यंत्राने रक्तातले बुडबुडे ऐकू येऊ लागले. काहीही न दुखणाऱ्या पाणबुड्यांतही ते सापडले. म्हणजे हॉल्डेनच्या मर्यादेतही बुडबुडे होत होते. वर येताना जरा थांबलं की ते कमी होतात, हेही कळलं. शेवटचा टप्पा नाजूक का, ते हिशेबानेच दिसतं. 40 मीटरवरून 30 वर आलात तर दाब पाच वातावरणांचा चार होतो, पाचवा हिस्साच कमी. 10 मीटरवरून पृष्ठभागावर आलात तर दोनाचा एक, थेट निम्मा.

1993 मध्ये अमेरिकन नौदलाने 60चे 30 केले, म्हणजे मिनिटाला साधारण 9 मीटर. आज अंदमान किंवा लक्षद्वीपला प्रशिक्षक वर येताना 5 मीटरवर हाताने खूण करून तीन मिनिटं थांबवतो. कंटाळा येतो खरा, खाली मासे दिसत असतात आणि वर बोट. पण शेवटचा निम्मा दाब उतरायचा असतो तो वरच्या 10 मीटरांच्या पट्ट्यात, आणि हे थांबणं 1950च्या दशकातल्या त्या बैठकीत कुणी मागितलेलंच नव्हतं.