पर्यायी अर्थविचाराची व्याख्याने, महाराष्ट्रातील

प्रस्थापित अर्थशास्त्राची गृहीतके देशकालनिरपेक्ष नसतात, अशा भूमिकेतून वेगळ्या अर्थविचाराची मांडणी करणारी व्याख्याने व निबंधवाचने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात होऊ लागली. त्यांत महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ‘भारतीय अर्थशास्त्र’ या विषयावर इंग्रजीतून दिलेले व्याख्यान सर्वांत महत्त्वाचे होय.

मराठीत अर्थशास्त्र आले ते इंग्रजी ग्रंथांच्या आधारे. लोकहितवादींचे लक्ष्मीज्ञान (१८४९) किंवा कृष्णशास्त्री चिपळूणकरांची अर्थशास्त्रपरिभाषा (१८५५) यांचा हेतू ते शास्त्र समजावून देण्याचा होता, ते तपासण्याचा नव्हता. तथापि हे सिद्धांत केवळ पाठ्यपुस्तकात राहिले नाहीत. मुंबई इलाख्यातील जमीनमहसुलाच्या आकारणीवर रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धांताची छाप होती आणि ऋणको व धनको हे दोघेही स्वतंत्र व समान मानून न्यायालये कर्जरोख्यांची अंमलबजावणी करीत. अक्षरशत्रू कुणब्याने अंगठा उठविलेला कागदही ‘करार’ ठरे. त्याचा परिणाम १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत दिसला. शेतकऱ्यांनी सावकारांकडील रोखे हिसकावून जाळले. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. या कायद्याच्या अंमलबजावणीत रानडे यांनी न्यायाधीश म्हणून अनेक वर्षे काम केले. डेक्कन कॉलेजातील त्यांच्या विवेचनामागे ग्रंथांइतकाच हा न्यायासनावरील अनुभव उभा होता, हे विसरून चालत नाही.

तत्पूर्वी दादाभाई नवरोजी यांनी १८६७ मध्ये लंडनला व १८७६ मध्ये मुंबईस ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे निबंध वाचून भारताच्या दारिद्र्याची मीमांसा केली होती. भारतातील दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचा त्यांचा हिशेब प्रसिद्धच आहे. रानडे यांनी स्वतः १८७२-७३ मध्ये पुण्यात व्यापारविषयक व्याख्याने मराठीतून दिली होती. दादाभाईंचा वाद मुख्यतः आकड्यांचा व धोरणांचा होता. शास्त्राच्या पायालाच हात घालण्याचे काम रानडे यांनी केले.

व्याख्यानाच्या आरंभीच त्यांनी एक विसंगती दाखविली. राजकारणात व समाजकारणात प्रत्येक देशाची परिस्थिती निराळी असते, असे बजावणारे राज्यकर्ते अर्थशास्त्राचे नियम मात्र सर्वत्र सारखेच लागू आहेत असे मानतात. यानंतर त्यांनी अभिजात अर्थशास्त्राची गृहीतके एकेक करून समोर मांडली : व्यक्ती केवळ स्वार्थाने प्रेरित होते, प्रत्येकाने आपले हित पाहिले की सर्वांचे हित साधते, स्पर्धा अनिर्बंध असावी, करार करणाऱ्या दोन्ही पक्षांचे सामर्थ्य समान असते, भांडवल व श्रम लाभ दिसेल तिकडे सहज जातात. ही गृहीतके युरोपातही पुरती खरी नाहीत आणि भारतात तर वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. येथे व्यक्तीपेक्षा कुटुंब व जात प्रबळ, स्पर्धेपेक्षा रूढी व करारापेक्षा जन्मसिद्ध दर्जा निर्णायक. भांडवल व श्रम जागचे हलत नाहीत, मजुरीचे दर ठरीव राहतात आणि लोकसंख्येचे नियमन रोगराई व दुष्काळ करतात. अशा समाजात ते नियम निष्प्रभ ठरतात, इतकेच नव्हे तर भलत्याच दिशेने वळतात.

या प्रतिपादनास आधार म्हणून त्यांनी युरोपीय व अमेरिकन अर्थविचाराचाच इतिहास सांगितला. सीसमाँडी, केअरी, फ्रीड्रिख लिस्ट आणि जर्मन ऐतिहासिक संप्रदाय यांचे दाखले देऊन, इंग्लंडमधील संप्रदाय हा अनेकांपैकी एक आहे, हे त्यांनी श्रोत्यांच्या नजरेस आणले. उष्ण कटिबंधातील देशांनी कच्चा माल पिकवावा व समशीतोष्ण देशांनी तो पक्का करावा, ही ‘नैसर्गिक’ म्हणून सांगितली जाणारी श्रमविभागणी त्यांनी नाकारली. उद्योगधंद्यांच्या उभारणीत राज्यसंस्थेने पुढाकार घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता.

हाच आग्रह १८९० मध्ये पुण्यास भरलेल्या औद्योगिक परिषदेतील त्यांच्या निबंधात आढळतो. त्यात त्यांनी जावा बेटात डचांनी १८३० पासून राबविलेल्या सरकारी लागवडपद्धतीचा अभ्यास मांडला. कारखानदारांना राज्याने पुरविलेले भांडवल व मालाच्या खरेदीची हमी यांवर त्यांचा भर आहे. मात्र त्या पद्धतीत शेतकऱ्यांवर झालेली सक्ती खुद्द डच साहित्यात मुल्टाटुली याच्या माक्स हाफेलार (१८६०) या कादंबरीने वेशीवर टांगली होती. रानडे यांच्या विवेचनात तिला मिळालेले स्थान अपुरे वाटते.

व्याख्यानाचे शीर्षक पुढे महाविद्यालयीन विषयाचे नाव बनले. जठार व बेरी यांच्यासारख्यांची पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. परंतु या अभ्यासक्रमांत ‘भारतीय अर्थशास्त्र’ म्हणजे भारताच्या शेती, व्यापार व चलन यांची माहिती, असा अर्थ रूढ झाला. गृहीतके कोणी ठरवावयाची, हा रानडे यांचा मूळ प्रश्न त्यात मागे पडला.

रानडे यांचा श्रोतृवर्ग इंग्रजी शिकलेला होता. त्यांच्या नऊ वर्षे आधी जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या पुस्तकातील प्रकरणे मुंबई-पुण्याखेरीज जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे वाचून दाखविली होती. सयाजीराव गायकवाडांनीही ती ऐकली. सारावाढ, जंगलखात्याने घेतलेली गायराने, पाटाच्या पाण्याची आकारणी आणि कचेरीतील ब्राह्मण कामगारांची लुबाडणूक हा त्यातील विषय. कुणब्याच्या दारिद्र्याचे इतके तपशीलवार विवेचन त्या काळच्या विद्वत्सभांत क्वचितच झाले असेल. तरी अर्थशास्त्राच्या इतिहासात त्याची गणना बराच काळ झाली नाही.

जात हे आर्थिक वास्तव आहे, असे रानडे यांनी म्हटले. पण तिच्या तळाशी असलेल्यांच्या बाजूने त्याचा विचार केला नाही. तो विचार भीमराव रामजी आंबेडकर यांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या १९३६ च्या परिषदेसाठी लिहिलेल्या अध्यक्षीय भाषणात आढळतो. जातीमुळे श्रम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात, धंदा बदलण्याची वाट बंद होते व त्यातून बेकारी उद्‌भवते, असे विवेचन त्यात आहे. भाषणातील मजकुराविषयी मतभेद होऊन मंडळाने परिषद रद्द केली. न झालेले ते भाषण आंबेडकरांनी त्याच वर्षी स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले.