जातीचे वसतिगृह, एकीचे स्वयंपाकघर

अमेरिकेत कॉलेजची मुले ग्रीक अक्षरांच्या नावाने बंधुसंघ काढतात आणि स्वतःचे घर बांधतात. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे कोल्हापूरची बोर्डिंगे, म्हणजे जातवार विद्यार्थी वसतिगृहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरचे राजे शाहू महाराजांनी जातवार घरे काढून भेद पक्का केला, हा आक्षेप जुना आहे. पण १८९६ चे सर्वांसाठीचे वसतिगृह अखेर ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच उरले होते, हे आक्षेप घेणारे विसरतात. माझ्या मते या वास्तूंचा खरा पाया खोल्यांत नव्हे, स्वयंपाकघरात होता. पंगत कोणाची, यावरच शिक्षणाचे दार उघडत वा बंद होत होते.

आक्षेपात तथ्य मात्र आहे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी अंघोळ करायला नकार दिला, म्हणून भाऊराव पाटील या विद्यार्थ्याला जैन बोर्डिंग सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचेच नाव मिळाले. तिथे मुले स्वयंपाकही आळीपाळीने करत, आणि जेवायला एकाच पंगतीत बसत.