कडेच्या वाट्याचा उजेड

आपल्या भागात आगगाडी आणि छायाचित्र या दोन वस्तू जवळजवळ बरोबरच आल्या. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी आली, 1 मे 1854 रोजी ती कल्याणास पोहोचली, आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील एक जाणते सभासद होते.

त्या काळी छायाचित्र घेणे हे अंगमेहनतीचे काम होते. काचेवर कलोडियन ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असेतोच चित्र घेऊन धुऊन काढायचे. त्यामुळे काळोखी राहुटी, बाटल्या, काचा, सारा संसार बरोबर न्यावा लागे. 1863 साली सॅम्युअल बोर्न हिमालयात गेला, तेव्हा सुमारे 30 हमाल त्याचे ओझे वाहत होते. चित्रांवर नाव मात्र एकट्या बोर्नचे राहिले.

समुद्रकाठी आणखी एक अडचण असते. मैदानात देखावा चौकटीत मावला नाही तर माणूस चार पावले मागे सरतो. हरिहरेश्वरच्या काळ्या कातळावर मागे सरावे, तर पाठीशी कडा उभा असतो. तेव्हा जागच्या जागी जास्त पाहणारे भिंग हवे. 1859 साली थॉमस सटन याने पाणी भरलेले रुंद कोनाचे भिंग केले, 1862 साली न्यूयॉर्कच्या हॅरिसन व श्निट्झर यांनी ‘ग्लोब’ भिंगाचे पेटंट घेतले, आणि 1900 साली जर्मनीत गोर्झ कंपनीचे ‘हायपरगॉन’ निघाले. त्याचा कोन सुमारे 135 अंशांचा होता.

अशा भिंगात पायाजवळचा खडक डोंगराएवढा दिसतो आणि दूरचा जंजिरा बोटाएवढा. शिवाय चित्राच्या मध्यावर उजेड फार पडतो, कडा काळवंडतात. हायपरगॉनच्या कारागिरांनी यावर उपाय काढला. भिंगापुढे चांदणीच्या आकाराची चकती बसवली. रबरी फुगा दाबला की ती हवेने गरगर फिरे, मध्याचा उजेड अडवी आणि कडांना त्यांचा वाटा मिळवून देई.

आयुष्य कामगारांत काढलेल्या माणसाला यातला अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. कडेला उजेड आपोआप पोहोचत नाही. त्याची तजवीज करावी लागते. इतिहासलेखनाचेही तसेच आहे. 1739 ची वसई म्हटली की चिमाजी आप्पा आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण तटाखाली सुरुंग खणणारे हात कोणाचे होते, हे किती जण विचारतात?

आज रुंद भिंग प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि डोंबिवलीची मुले सुट्टीत कोकणचे कडे टिपून आणतात. त्यांनी ते जरूर टिपावेत. मात्र कडेला जाळे सांधणारा कोळी किंवा नाव ओढणारा तांडेल दिसला, तर त्याला चौकटीबाहेर काढू नये. त्याची परवानगी घ्यावी, आणि चित्राबरोबर त्याचे नाव, गाव, तारीख लिहून ठेवावी. लांब जायला जमत नसेल, तर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासूनच सुरुवात करावी. शंभर वर्षांनी कडा बहुधा तिथेच असेल. त्या माणसाची नोंद मात्र कदाचित तुमच्याच चित्रात सापडेल.