ग्रंथांचे घर : नालछा ते बडोदे

धारेहून मांडवगडाकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत नालछा लागते. गडाच्या ओढीने बहुतेक जण ते मागे टाकतात. परंतु जुन्या संस्कृत लेखनात नलकच्छपूर म्हणून येणारे गाव ते हेच. शहाबुद्दीन घोरीच्या स्वाऱ्यांमुळे मांडलगड सोडून आलेले जैन ग्रंथकार पंडित आशाधर प्रथम धारेस राहिले व पुढे नालछ्यास स्थिरावले. येथील नेमिनाथ चैत्यालयात त्यांनी ‘सागारधर्मामृता’वरील टीका विक्रम संवत १२९६ मध्ये आणि ‘अनगारधर्मामृता’वरील टीका संवत १३०० मध्ये पूर्ण केली. ज्याची ‘पारिजातमंजरी’ नाटिका शिळेवर कोरलेल्या रूपात १९०३ साली धारेस सापडली, तो राजगुरू मदन हा आशाधरांचाच शिष्य. देवालय, ग्रंथ, लेखक आणि विद्यार्थी यांच्यावरचे छप्पर येथे एकच होते. ग्रंथालयाची वास्तू म्हटली की खांब-कमानींची चर्चा होते. आमच्या मते मूळ प्रश्न निराळा आहे. ग्रंथ आणि वाचक यांच्यात ती वास्तू किती अंतर ठेवते, हा तो प्रश्न.

हे अंतर पुष्कळदा भयापोटी वाढले. बाराव्या शतकात गुजरातच्या सिद्धराज जयसिंहाने माळवा जिंकला, तेव्हा धारेचे ग्रंथ पाटणास गेले; त्यांतील भोजाचे व्याकरण पाहूनच राजाने हेमचंद्राकडून नवे व्याकरण लिहवून घेतले, अशी कथा जैन प्रबंधांत आहे. पाटणच्या ग्रंथभांडारांत ताडपत्री पोथ्या कापडात बांधून पेट्यांत ठेवीत. दमट हवा, वाळवी, आग आणि परचक्र या चौघांपासून रक्षण, हे त्या रचनेचे प्रयोजन. ते उत्तम साधले, म्हणूनच शतकानुशतकांच्या पोथ्या टिकल्या. मात्र भांडाराची किल्ली मोजक्या हाती राही, आणि पोथी उजेडात येणे हा प्रसंग ठरे.

आपल्या पूर्वजांनीही हीच रीत चालविली. १७२८ च्या अमझेऱ्याच्या लढाईनंतर माळव्यात मराठ्यांचे पाऊल स्थिरावले. धार आणि देवास येथे पवारांची संस्थाने उभी राहिली. शिलेदार, कारकून, पुरोहित आले आणि त्यांच्याबरोबर पोथ्याही आल्या. रुमालात बांधलेली पोथी देवघरात, दफ्तरे माळ्यावर, छापील पुस्तके फडताळात. जपणूक होती, आदर होता. पण शेजाऱ्याने येऊन वाचावे अशी जागा वाड्याच्या रचनेत क्वचितच ठेवलेली असे.

ही रीत बदलण्याचे मोठे श्रेय एका मराठी राजाकडे जाते. पाटण हे पुढे बडोदे संस्थानात आले होते, आणि सयाजीराव गायकवाडांनी तेथील भांडारांतील पोथ्यांची पाहणी करविली. १९०६ साली त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व संस्थानभर लागू केले. ज्यास वाचावयास शिकविले, त्यास पुढे पुस्तक मिळाले नाही तर अक्षरे विसरली जातील, हे त्यांनी ओळखले होते. १९०६ च्याच अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. महाराजांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास मिळाला. बॉर्डन यांनी वर्गीकरणाची पद्धत आखली, ग्रंथपालांचे वर्ग चालविले. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी स्वतंत्र विभाग झाले, आणि खेड्यापाड्यांतून पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. ज्या पेटीने पूर्वी ग्रंथ कोंडला होता, तीच आता त्यास वाचकाकडे नेऊ लागली!

मांडवी भागातील ग्रंथालयाच्या इमारतीत हाच विचार वास्तुरूप झालेला दिसतो. तेथील पुस्तकांच्या मांडण्या अमेरिकेतील स्नेड कंपनीच्या पोलादाच्या आहेत. लाकूड टाळल्याने वाळवीस थारा नाही आणि आगीचे भय कमी. या मांडण्याच वरच्या मजल्यांचा भार पेलतात, त्यामुळे जाड भिंती पुस्तकांची जागा खात नाहीत. मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड झिरपत खाली येतो आणि उभ्या रांगांतील पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचता येते. पाटणच्या भांडाराने जे रक्षण साधले ते येथे सुटलेले नाही. त्यास उजेडाची जोड मिळाली आहे. संरक्षण आणि प्रवेश या दोहोंत वैर नाही, हे ही काच आणि हे पोलाद सांगतात.

आणि येथेच माळव्याचे एक ऋण फिटले. भोजाच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा नगर, गृह आणि देवालय यांच्या रचनेवरील ग्रंथ गायकवाड प्राच्यमालेत १९२४ आणि १९२५ साली दोन भागांत छापून प्रसिद्ध झाला. संपादक होते महामहोपाध्याय टी. गणपतिशास्त्री. वास्तुविद्येचा धारेचा ग्रंथ गायकवाडांच्या मालेतून जगापुढे यावा, हा योग लहान नव्हे.

आता प्रश्न आपल्या घरांचा. माळव्यातील जुने वाडे विभागले जात आहेत, पाडले जात आहेत. मुले दूरच्या शहरी गेली आहेत, आणि माळ्यावरचे गठ्ठे कोणी उघडीत नाही. वाटणीत भांड्यांना वारस मिळतो, पुस्तकांना रद्दीवाला. नालछ्यातील एका पडक्या महालाची कथा अशीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर जॉन माल्कम यांनी तो राहण्यासाठी दुरुस्त करविला, तेव्हा आत वाघीण आणि तिची पिल्ले होती असे सांगतात. वापर सुटला की वास्तूस दुसरे धनी मिळतात. पुस्तकांच्या बाबतीत ते धनी वाळवी आणि कसर हे होत.

यासाठी बडोद्याएवढी इमारत नको. रस्त्याकडे दार असलेली एक ओसरी, भिंतीपासून थोड्या अंतरावर उभ्या केलेल्या लोखंडी मांडण्या, मुलाच्या हातास लागेल एवढ्या उंचीवर मुलांची पुस्तके, खिडकीशी बाके आणि दाराशी संग्रहाची यादी, इतके पुरे. आपल्या घराण्यांनी आपापल्या पेट्या त्या ओसरीत आणून उघडाव्यात, आणि मराठी न येणाऱ्या शेजाऱ्यासही तेथे हिंदी पुस्तक मिळावे. आशाधर मांडलगडाहून येथे आले ते आपल्यासारखेच परके होते. त्यांना नालछ्यात टिकविले ते विद्येने आणि शिष्यांनी, आणि तेच आपल्यालाही टिकवील.