ओसरीवरचे वकील

 

गेल्या महिन्यात निशिकसाईहून एका वहिनींचा फोन आला. मित्राची बायको, वीस वर्षांची ओळख. "भावोजी, तुम्ही एमबीए केलंय, तुमचं ती ऐकेल. जरा समजवा तिला." ती म्हणजे त्यांची मुलगी. चार वर्षांची असताना टोकियोत आली, इथल्याच शाळेत शिकली, लॉ स्कूल केलं, दुसऱ्या खेपेला वकिलीची परीक्षा पास झाली. अडीच वर्षं एका लहान ऑफिसात काढली आणि आता म्हणते, कोर्ट नको, एका सॉफ्टवेअर कंपनीत जाते. वहिनींचं म्हणणं एवढंच, "इतकी अवघड परीक्षा पास होऊन शेवटी नोकरीच करायची होती, तर इंजिनिअर झाली असती की!"

मी इंजिनिअर आहे. मुकाट्याने ऐकून घेतलं.

मुलीशी बोलण्याआधी म्हटलं, जपानमधल्या वकिलीचा इतिहास थोडा चाळून बघू. आज तुम्हाला तोच सांगणार आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं आता अशा वळणावर येणार आहेत.

वकिलाला इथे बेंगोशी म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. १९६० च्या दशकापासून १९९० पर्यंत या देशात वर्षाला साधारण ५०० जणच ही परीक्षा पास होत. शंभरात दोन-तीन. लोक पाच-पाच, दहा-दहा वर्षं तीच परीक्षा देत बसायचे. आपल्याकडे यूपीएससीची तयारी करणारी मुलं सदाशिव पेठेत खोल्या घेऊन राहतात ना, तसंच चित्र. पण पास झालात, की दोन वर्षांचं सरकारी प्रशिक्षण, तेही पगारी, आणि मग जन्माची ददात मिटली.

परदेशी माणसाला मात्र हे दार बंद होतं. परीक्षा देता यायची, पण प्रशिक्षणाला जपानी नागरिकत्व लागायचं. किम क्योंग-दक हा जपानमध्ये वाढलेला कोरियन तरुण परीक्षा पास झाला आणि नागरिकत्व बदलायला नाही म्हणाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रशिक्षणाला घेतलं. वहिनींची मुलगी भारतीय पासपोर्टवर वकील झाली, ती या माणसामुळे. न्यायाधीश किंवा सरकारी वकील व्हायला मात्र जपानी नागरिकत्व आजही लागतं. म्हणजे कायदा शिकलेल्या आपल्या मुलांपुढे तसेही रस्ते कमीच.

मोठा बदल झाला २००१ मध्ये. न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या परिषदेने अहवाल दिला. वकील हा लोकांच्या सामाजिक आयुष्यातला डॉक्टर असला पाहिजे, अशी त्यातली कल्पना. डॉक्टर जसा गावोगाव असतो, तसा वकीलही कंपनीत, सरकारी कचेरीत, लहान गावात, सगळीकडे हवा. म्हणून २०१० च्या सुमारास वर्षाला ३,००० जण पास व्हावेत असं ठरलं. एप्रिल २००४ मध्ये लॉ स्कूल सुरू झाली, पहिल्याच वर्षी ६८, पुढे ७४. अर्ज आले सुमारे ७२,८००. नोकऱ्या सोडून लोक आले, कारण शिकणाऱ्यांपैकी ७०-८० टक्के पास होतील असं त्या अहवालातच म्हटलं होतं.

प्रत्यक्षात २००६ च्या पहिल्या परीक्षेत ४८ टक्के पास झाले आणि पुढच्या काही वर्षांत प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आलं. पाच वर्षांत तीनच संधी. तिन्ही हुकल्या की 'सानशिन', म्हणजे बेसबॉलमधला बाद झालेला खेळाडू. संधी पाच केल्या त्या २०१४ मध्ये. २०११ मध्ये प्रशिक्षणाचा पगार बंद करून त्याऐवजी कर्ज द्यायला सुरुवात केली. २०१७ मध्ये महिना १,३५,००० येन पुन्हा सुरू झाले, पण मधल्या मुलांनी कर्ज डोक्यावर घेऊनच वकिली सुरू केली.

सन २००० मध्ये देशात सुमारे १७,००० वकील होते, २०२० मध्ये ४२,००० झाले. कोर्टातली कामं काही त्या मानाने वाढली नाहीत. मधे काही वर्षं सावकारी कंपन्यांनी जास्त घेतलेलं व्याज परत मिळवून देण्याच्या दाव्यांची चलती होती. रेल्वेच्या डब्यातल्या त्या जाहिराती जुन्या मंडळींना आठवत असतील. तो पूर ओसरला आणि तरुण वकिलांचे हाल सुरू झाले.

या हालांसाठी जपानी भाषेत शब्दच तयार झाले. मोठ्या वकिलाच्या ऑफिसात पगारावर राहणारा तो 'इसोबेन', आश्रित वकील. हा शब्द जुना. ज्याला पगार नाही, नुसतं टेबल मिळतं, तो 'नोकिबेन'. नोकि म्हणजे घराच्या छपराची पुढे आलेली वळचण. आपल्या भाषेत ओसरीवरचा वकील. आपल्याकडच्या म्हणीतल्या भटाला ओसरी दिली की तो हातपाय पसरतो. इथल्या ओसरीवर पाय पसरायलाही जागा नव्हती. आणि ज्याला ओसरीही नाही, जो पहिल्याच दिवशी स्वतःची पाटी लावतो, तो 'सोकुदोकु'.

३,००० चं उद्दिष्ट सरकारने २०१३ मध्ये मागे घेतलं. निम्म्याहून जास्त लॉ स्कूलनी प्रवेश बंद केले. एमबीएच्या वर्गात आम्हाला मागणी-पुरवठ्याची उदाहरणं अमेरिकेतल्या गाड्यांची देत, त्यापेक्षा हे उदाहरण चांगलं होतं. माल तयार करायचा कारखाना काढला, गिऱ्हाईक कुठून येणार हे कुणी विचारलंच नाही.

पण २००४ च्या त्याच एप्रिलमध्ये आणखी एक बदल झाला होता, त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. तोपर्यंत वकिलाला कंपनीत नोकरी करायची तर बार असोसिएशनची परवानगी लागायची. ती अट काढून नुसती सूचना देणं पुरेसं केलं. २००१ मध्ये सगळ्या जपानमध्ये कंपन्यांत काम करणारे वकील होते ६६. आज ते ३,००० च्या वर आहेत. वहिनी जिला पळवाट समजत होत्या, ती वाट मुद्दाम बांधलेली आहे.

आणि काहींनी वाट स्वतः पाडली. मोतोए ताइचिरो याने २००५ मध्ये एका बड्या लॉ फर्ममधली जागा सोडली. तेव्हा तो तिशीच्या आत होता. लोकांना वकील शोधता यावा म्हणून त्याने 'बेंगोशी डॉट कॉम' काढलं. गंमत अशी, की वकील कायद्याच्या ७२ व्या कलमाप्रमाणे वकील मिळवून दिल्याबद्दल दलाली घेता येत नाही. मग पैसे कुठून येणार? कंपनी कित्येक वर्षं तोट्यात चालली आणि २०१४ मध्ये शेअर बाजारात आली. तिचंच २०१५ चं 'क्लाउडसाइन' तुमच्यापैकी कितीतरी जण ऑफिसात वापरतात. करारावर हांको मारायला कोरोनात ट्रेन पकडून ऑफिसला जावं लागलेल्या माझ्यासारख्याला त्याची किंमत विचारा. पुढे २०१७ मध्ये आणखी दोन तरुण वकिलांनी बड्या फर्ममधून बाहेर पडून करार तपासणारं सॉफ्टवेअर काढलं, 'लीगलफोर्स'. अशा सॉफ्टवेअरलाही तेच ७२ वं कलम आडवं आलं. शेवटी न्याय मंत्रालयाने २०२३ मध्ये कुठपर्यंत चालेल ते लिहून दिलं.

आपल्याकडे हे नवीन नाही. टिळक १८७९ मध्ये एलएलबी झाले आणि वकिली न करता शाळा काढायला गेले. न. चिं. केळकर साताऱ्यातली वकिली सोडून १८९६ मध्ये टिळकांच्या बोलावण्यावरून पुण्याला आले, 'मराठा'च्या कामाला लागले. भातखंडे १८८७ चे एलएलबी. पत्नी आणि मुलगी गेल्यावर त्यांनी वकिली सोडली आणि उरलेलं आयुष्य संगीताला दिलं. त्यांची हिंदुस्थानी संगीत पद्धती प्रश्नोत्तरांत लिहिलेली आहे. मला त्यात उलटतपासणीची सवय दिसते, जाणकारांनी रागावू नये. टिळकांनी तर १९०८ च्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतःच मांडली.

तरी ही उदाहरणं मी मुलीला दिली नाहीत. ते तिघं कशासाठी तरी गेले. इथली बरीच मुलं ओसरीवर जागा नाही म्हणून गेली. दोन्ही गोष्टी एका पारड्यात घालणं बरोबर नाही. म्हणून तिला एवढंच विचारलं, "तू कशासाठी जातेस?"

ती म्हणाली, "काका, ऑफिसात माझ्याकडे माणसं यायची ती घर किंवा नोकरी गेल्यावर. सही करून झालेली असायची. मला सहीच्या आधी तिथे असायचंय."

मी वहिनींना फोन केला आणि हा सगळा इतिहास त्यांनाही ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आणि तो बिल्ला?"

बेंगोशीच्या कोटावर सूर्यफुलाचा बिल्ला असतो, मधे तराजू. चांदीचा, वर सोन्याचा मुलामा. वर्षानुवर्षं वापरून मुलामा झिजतो आणि आतली चांदी दिसू लागते. त्यावरून माणूस किती जुना ते ओळखतात. नोंदणी रद्द केली तर तो परत करावा लागतो.

नोंदणी ती ठेवणार आहे, मी म्हटलं, बिल्ला घरातच राहील.

"मग ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. "पण कोटावर लावते का बघा तिला विचारून."

विचारायचं राहिलंय. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.