टोल नाक्यावरच्या रांगेतून आलेला ‘क्लास’

क्लास, ऑब्जेक्ट यांच्या व्याख्या आपण पाठ करतो आणि तिथेच अडकतो. तर मूळ अडचण काय होती, ते आधी बघू. १९६० च्या दशकात ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांना खऱ्या जगातल्या रांगा संगणकावर उभ्या करायच्या होत्या. समजा, पुलावरच्या टोल नाक्यावर ट्रक-बसची रांग लागलीय. रांगेत थांबणं दोघांनाही सारखंच. मग ते दोनदा का लिहायचं? म्हणून ‘वाहन’ हा सामाईक क्लास, त्याचा वारसा घेणारे ट्रक आणि बस हे उपक्लास. आणि रांगेतली प्रत्येक गाडी म्हणजे एक ऑब्जेक्ट, स्वतःची माहिती आणि स्वतःचं काम सांभाळणारा. ही मांडणी ‘सिम्युला ६७’ मध्ये आली. सी प्लस प्लस, जावा यांनी ती पुढे नेली. तेव्हा कोड लिहिण्याआधी आपण एवढंच विचारू या: आपल्या रांगेत कोण कोण उभं आहे?